डबा कुणाबरोबर खातोस? शाळेतला छळ ओळखण्याची आणि थांबवण्याची पद्धत

सोलापुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. अशा दिवसांत सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली दुपारी भरलेलीच परत आली, तर मुलाला रागवण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: याला शाळेतल्या स्वच्छतागृहात जायची भीती तर वाटत नाही ना? पाणी प्यायलं की तिकडे जावं लागतं, आणि त्या दारात रोज कोणीतरी अडवायला उभं असतं. छळाची पहिली खूण बहुतेक वेळा अशीच असते, साधी आणि घरातल्या घरात दिसणारी.

हे लिखाण साधारण दहा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या आईवडिलांसाठी आणि वर्गशिक्षकांसाठी आहे. कामं ज्या क्रमानं करावी लागतात त्याच क्रमानं दिली आहेत. हा क्रम चुकला की चांगल्या हेतूनं केलेली गोष्टही मुलावर उलटते.

भांडण आणि छळ यातला फरक

मुलं भांडतात, कट्टी करतात, दोन दिवसांनी बट्टी करतात. त्यात मोठ्यांनी पडायची गरज नसते. छळ ही वेगळी गोष्ट आहे. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी १९७०च्या दशकात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्यांनी लावलेल्या तीन कसोट्या आजही सगळीकडे वापरतात: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि दोघांची ताकद सारखी नसते. ही ताकद अंगाची असेल असं नाही. पाच जणांविरुद्ध एक, जुना विद्यार्थी विरुद्ध नवा, मॉनिटर विरुद्ध मागच्या बाकावरचा, ज्याच्या हाती फोटो आहे तो विरुद्ध ज्याचा फोटो आहे तो, ही सगळी असमान ताकदच. फक्त मोबाइलच्या बाबतीत दुसरी कसोटी थोडी वेगळी लावा. फोटो एकदाच टाकलेला असला तरी तो दोनशे जण बघतात आणि पुढे पाठवतात, म्हणजे त्रास पुन्हा पुन्हा होतोच.

सोलापुरी बोलण्यात 'काय बे' हा दोस्तीचा शब्द आहे, तो ऐकून दचकू नका. दचकायचं ते हसण्याची दिशा बघून. दोघंही हसत असतील तर ती थट्टा. एकच जण रोज हसण्याचा विषय होत असेल आणि 'बास' म्हटल्यावरही थांबत नसतील, तर तो छळ. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा घराघरांत बोलल्या जातात. शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागातून आलेल्या मुलाच्या मराठीतला हेल, अक्कलकोटकडच्या मुलीची कन्नड वळणाची वाक्यं, मंगळवेढ्याहून वसतिगृहात आलेल्याची गावाकडची बोली, यांवर नाव पाडणं इथे फार सहज होतं आणि मोठ्यांना ते निरुपद्रवी वाटतं. तसं ते नसतं. आडनावावरून, जातीवरून, धर्मावरून, रंगावरून, वजनावरून पाडलेलं नाव मुलाला दिवसातून वीस वेळा ऐकावं लागतं, आणि महिन्याभरात ते नाव स्वतःबद्दलचं खरं मत होऊन बसतं.

मुलगे आणि मुली: काय वेगळं, काय नाही

इथे बहुतेक घरांची आणि शाळांची गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर.

युनेस्कोनं २०१९मध्ये अनेक देशांची माहिती एकत्र केली. त्यात जवळजवळ तीनांपैकी एका विद्यार्थ्यानं मागच्या महिन्यात शाळेत असा त्रास झाल्याचं सांगितलं होतं. एकूण प्रमाणात मुलगे-मुलींत फार फरक नव्हता, फरक प्रकारात होता. मुलग्यांच्या वाट्याला मारहाण, ढकलाढकली, वस्तू हिसकावणं जास्त. मुलींच्या वाट्याला गटातून वगळणं, अफवा, दिसण्यावरून टोमणे जास्त.

यातून 'मुलगे मारतात, मुली वाळीत टाकतात' असं सोपं सूत्र बनलं. ते अर्धंच खरं आहे. मारहाणीतला फरक मोठा आहे आणि तो बहुतेक अभ्यासांत दिसतो. वाळीत टाकणं, पाठीमागे बोलणं, मैत्री तोडायला लावणं यांत मात्र फरक अगदी थोडा आहे. मुलगेही क्रिकेटच्या टीममध्ये घेत नाहीत, व्हॉट्सॲपचा नवा ग्रुप काढून एकालाच बाहेर ठेवतात, 'याच्याशी बोलला तर तूही गेलास' असं बजावतात. घरचे विचारतात 'कोणी मारलं का?' मुलगा 'नाही' म्हणतो, ते खरंच असतं, आणि विषय तिथेच संपतो. उलट बाजूनंही हेच. मुलीला वेणी ओढून ढकललं असेल, कंपास टोचला असेल, तर 'मुली असं करत नाहीत' या समजापायी तिच्यावर विश्वास ठेवला जात नाही.

आणखी एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुलग्यांना त्रास देणारे जवळजवळ नेहमी मुलगेच असतात, मुलींना दोन्हीकडून त्रास होतो. मुलींच्या बाबतीत त्याला लवकरच लैंगिक वळण लागतं: एखाद्या मुलाशी नाव जोडणं, छातीवरून बोलणं, पाळीच्या डागावरून हसणं, फोटोत छेडछाड करणं. मुलग्यांच्या बाबतीत मर्दानगीवर बोट ठेवलं जातं. 'बायल्या' हा शब्द शाळेत हवेसारखा वापरतात. नाजूक आवाजाचा, नाचाची आवड असलेला, मारामारी न करणारा मुलगा त्यात भरडला जातो. घरी सांगितलं तर 'मुलीसारखा रडतोस काय' हेच ऐकावं लागेल हे त्याला माहीत असतं. म्हणून मुलगे उशिरा सांगतात किंवा सांगतच नाहीत. मुलीही गप्प राहतात, कारण तिला भीती असते की सांगितलं तर फोन काढून घेतील, क्लास बंद करतील, शाळाच बंद करतील. मूल बोलावं असं वाटत असेल तर ही दोन भयं आधी तुमच्या घरातून काढा.

मनाचं काय होतं

२००३मध्ये अमेरिकेतल्या नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. संगणकावर चेंडू फेकण्याचा साधा खेळ. थोड्या वेळानं खेळणाऱ्याला चेंडू देणंच बंद केलं जाई. तेव्हा मेंदूच्या ज्या भागात शारीरिक वेदना त्रासदायक वाटते, त्याच भागात हालचाल वाढलेली दिसली. 'नुसतं बोलत नाहीत ना, मारत तर नाहीत' असं म्हणताना हे आठवावं.

रोजच्या भीतीनं शरीर सतत सावध राहतं. झोप मोडते, पोटात गोळा येतो, वर्गात लक्ष फळ्याऐवजी मागच्या बाकावर असतं. गुण घसरतात ते बुद्धीमुळे नाही, लक्ष राखणीत खर्ची पडतं म्हणून. काही आठवड्यांनी मूल कारण स्वतःत शोधू लागतं: 'माझ्यातच काहीतरी खोट आहे.' ही पायरी सगळ्यांत धोक्याची, कारण यानंतर ते मदत मागत नाही. मुलींमध्ये हा त्रास जास्त करून आत वळतो, म्हणजे काळजी, उदासी, जेवण सोडणं, स्वतःला इजा करणं. मुलग्यांमध्ये तो अनेकदा रागाच्या रूपानं बाहेर येतो: धाकट्या भावंडाला मारणं, शाळा बुडवून कंबर तलावाकाठी बसणं, तंबाखू-गुटखा. बाहेरून हे बेशिस्तीसारखं दिसतं, त्यामुळे त्याला मदतीऐवजी शिक्षा मिळते.

परिणाम शाळेबरोबर संपत नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा पन्नाशीपर्यंत केला गेला. लहानपणी वारंवार छळ सोसलेल्यांत चाळिशीनंतरही उदासी आणि चिंतेचे विकार जास्त आढळले. अमेरिकेतल्या १,४२० मुलांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सर्वांत वाईट अवस्था अशा मुलांची होती जी स्वतः छळ सोसतही होती आणि दुसऱ्यांना छळतही होती. त्यांतल्या मुलग्यांत मोठेपणी आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न जास्त होते, मुलींत घराबाहेर, गर्दीत जाण्याची तीव्र भीती जास्त होती. वर्गातल्या ज्या मुलाला सगळे 'त्रासदायक' म्हणतात, त्याच्यावर नेमकं काय गुदरतं हे म्हणूनच बघायला हवं.

खुणा, आणि विचारायचे प्रश्न

भरलेली बाटली सांगितलीच. याशिवाय डबा रिकामा येतो पण आल्याआल्या मूल भुकेनं तुटून पडतं (डबा दुसराच कोणीतरी खातो). पेन, कंपास, दहा-वीस रुपये वारंवार 'हरवतात'. रविवारी संध्याकाळपासून पोट दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नाही. शाळेत जायचा रस्ता बदलतो, रिक्षाऐवजी चालत जायचा हट्ट होतो. स्नेहसंमेलन, सहल, पीटीचा तास नको वाटतो. फोन वाजला की चेहरा उतरतो, फोन पालथा ठेवला जातो. एकच खूण दिसली तर नुसती नोंद ठेवा. दोन आठवड्यांत तीन दिसल्या तर विचारा.

'तुला कोणी त्रास देतं का?' असं थेट विचारलं की उत्तर 'नाही' येतं. जागा आणि वेळ विचारा. मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खातोस? व्हॅनमध्ये कुठे बसतेस, शेजारी कोण असतं? वर्गात जोडी करायला सांगितली तर तुझ्याबरोबर कोण येतं? शाळेत कुठे जायला आवडत नाही? सर नसतात तेव्हा वर्गात काय चालतं? मूल समोर बसवून विचारू नका. गाडीवर मागे बसलेलं असताना, भाजी निवडताना, सिद्धेश्वर तलावाकाठी चालताना विचारा. नजरेला नजर नसली की जीभ सैल होते.

पहिली रात्र

मूल बोललं की चार वाक्यं पुरतात: 'सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. तुला न विचारता मी काही करणार नाही. उद्या आपण मिळून ठरवू.' मग गप्प बसून ऐका. मध्ये 'मग तू काय केलंस?' विचारू नका. त्या प्रश्नात दोष ऐकू येतो.

त्या रात्री चार गोष्टी टाळा. समोरच्याच्या घरी फोन करू नका. त्यांच्या आईवडिलांना ते पहिल्यांदाच कळत असतं, ते आपल्या मुलाची बाजू घेतात आणि सकाळी तुमच्या मुलाला 'घरी चुगली केली' म्हणून दुप्पट भोगावं लागतं. चुलतभावाला किंवा गल्लीतल्या पोरांना गेटवर पाठवू नका. त्यातून मारामारीचा गुन्हा तुमच्याच माणसांवर दाखल होऊ शकतो. 'तूही एक ठेवून दे' म्हणू नका, ताकद असमान आहे म्हणूनच तर छळ होतोय. आणि 'दुर्लक्ष कर' हेही नको. दुर्लक्ष एखाद्या टोमण्यावर चालतं, रोजच्या छळावर नाही.

मुलाला स्वतःला करता येईल असं थोडंसंच असतं, पण ते शिकवावं. छोटं वाक्य, सपाट आवाज, उत्तराची वाट न बघता चालू पडणं: 'हे मला चालत नाही,' आणि थेट जिथे माणसं आहेत तिकडे. घरी पाच मिनिटं मोठ्यानं सराव करून घ्या, आरशासमोर नको, तुमच्यासमोर. घाबरलेल्या घशातून आयत्या वेळी नवं वाक्य निघत नाही.

नोंदवही आणि मोबाइलवरचे पुरावे

शंभर पानी एक वही घ्या. पाच रकाने आखा: तारीख व वेळ, जागा, नेमके काय शब्द किंवा काय कृती, कोण कोण हजर होतं, कुणाला सांगितलं आणि त्यांनी काय केलं. 'रोज चिडवतात' अशी नोंद शाळेत टिकत नाही. '१२ तारीख, मधली सुट्टी, पाण्याच्या टाकीजवळ, तिघांनी डबा घेऊन सांडला, अमुक वर्गातले दोघं बघत होते' ही टिकते. शिव्या आहेत तशा लिहा, सौम्य करू नका. त्याच रात्री लिहा, दुसऱ्या दिवशी तपशील गळतो. दहा दिवसांच्या नोंदीत जागा आणि वेळ आपोआप समोर येतात. बहुतेकदा ती दोन-तीनच ठिकाणं निघतात: जिना, स्वच्छतागृह, सकाळचं सत्र सुटून दुपारचं भरताना गेटवरची गर्दी, रिक्षाची मागची सीट, ट्यूशनबाहेर सायकली लावायची जागा.

मोबाइलवरचं काहीही पुसू नका आणि ब्लॉक करण्याआधी पुरावा घ्या. स्क्रीनशॉटमध्ये नाव किंवा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. फक्त मजकुराचा तुकडा कापून ठेवला तर तो कुणी लिहिला हे सिद्ध करणं अवघड जातं. इन्स्टाग्रामवर खात्याच्या नावाबरोबर प्रोफाइलची लिंकही कॉपी करून ठेवा, कारण नाव बदलता येतं. व्हॉट्सॲपवर 'एक्सपोर्ट चॅट' करून संभाषण स्वतःच्या मेलवर पाठवा. आपोआप गायब होणारे मेसेज असतील तर दुसऱ्या फोननं स्क्रीनचा फोटो काढा. मग रिपोर्ट करा, मग ब्लॉक. मुलाचा फोन मात्र काढून घेऊ नका. ती त्याला शिक्षाच वाटते आणि पुढच्या वेळी ते सांगत नाही.

या सगळ्याला एक कडक अपवाद आहे. अठरा वर्षांखालच्या कुणाचा नग्न किंवा लैंगिक फोटो-व्हिडिओ फिरत असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नका, साठवू नका, पुराव्यासाठीसुद्धा कुणाला पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब आणि पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) कायदा, दोन्हींखाली तो गुन्हा ठरतो. खात्याचं नाव, लिंक, वेळ लिहून घ्या आणि थेट पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर जा. तिथे मुलांच्या आणि महिलांच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे. 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा अल्पवयीन मुलांच्या फोटोंसाठीच आहे. ती फोटो मागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा आकड्यांचा ठसा तयार होतो, तेवढाच पाठवला जातो आणि सहभागी समाजमाध्यमं त्यावरून फोटो हटवतात.

शाळेत अर्ज

तोंडी तक्रार केली की 'बघतो' हे उत्तर मिळतं आणि बघितलं जात नाही. अर्ज लेखी, मुख्याध्यापकांच्या नावे, दोन प्रतींत द्या. दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. मराठी मोडकीतोडकी असली तरी चालते, अर्जाला भाषेचे गुण नसतात. मजकूर असा ठेवा:

'माझा मुलगा/मुलगी इयत्ता … तुकडी … मध्ये शिकत आहे. दि. … पासून दि. … पर्यंत खालील घटना घडल्या (यादी सोबत). यामुळे त्याला/तिला झोप न लागणे, पोटदुखी, शाळेची भीती असा त्रास होत आहे. विनंती: १) सर्व संबंधितांकडे स्वतंत्रपणे चौकशी करावी, समोरासमोर बसवू नये. २) … या ठिकाणी मधल्या सुट्टीत व शाळा सुटताना शिक्षकांची देखरेख ठेवावी. ३) त्याला/तिला कोणत्याही वेळी जाता येईल अशा एका शिक्षकांचे नाव कळवावे. ४) केलेली कार्यवाही सात दिवसांत लेखी कळवावी व आढाव्याची तारीख द्यावी.'

दुसऱ्या मुलांना 'गुंड', 'संस्कारहीन' असे शब्द लावू नका, फक्त घटना लिहा. आणि तुमच्या मुलाची तुकडी बदलून देतो असं शाळा म्हणाली तर लगेच हो म्हणू नका. जागा बदलायची तर ती त्रास देणाऱ्याची.

सात दिवसांचा आग्रह हवेतला नाही. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९चा आहे. कॉलेजांबरोबर वसतिगृहं आणि शिकवणी संस्थाही त्यात येतात. लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखांनी चौकशी करायची, तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची, असं त्यात आहे. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रमुखांनी टाळाटाळ केली तर त्यांनाही चिथावणीसाठी जबाबदार धरता येतं. बार्शी, करमाळा, सांगोल्याहून शहरात येऊन वसतिगृहात राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये ठेवावाच: १८००-१८०-५५२२.

शाळांमध्ये २०२२पासून मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी, तक्रारपेटीही हवी. पेटी मुख्याध्यापकांच्या दारातच टांगलेली असेल तर तिच्यात चिठ्ठी पडणार नाही. ती पाण्याच्या जागेजवळ किंवा जिन्यात हवी. शाळा हललीच नाही तर पुढची पायरी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. महापालिकेच्या शाळेसाठी महापालिकेचा शिक्षण विभाग. शिक्का मारलेली प्रत तिथे उपयोगी पडते.

शिक्षकांनी करायचं काम

१९८२च्या अखेरीस नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या. त्यानंतर देशभर मोहीम निघाली आणि ओल्वेअस यांची पद्धत बर्गनमधल्या ४२ शाळांत राबवली गेली. दोन वर्षांत छळाचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं. त्या पद्धतीतली कामं साधी होती: मधल्या सुट्टीत मोठ्यांची खरी देखरेख, वर्गात मुलांबरोबर ठरवलेले थोडे स्पष्ट नियम, आणि त्रास देणाऱ्याशी व सोसणाऱ्याशी स्वतंत्र, गंभीर बोलणं. यातलं कोणतंही काम आपल्या पन्नास-साठच्या वर्गातही करता येतं.

सुरुवात नकाशानं करा. शाळेचा ढोबळ आराखडा एका कागदावर काढून प्रत द्या, नाव लिहायचं नाही, जिथे भीती वाटते तिथे टिंब द्यायचं. सगळ्यांनी कागद घडी घालून एकदमच द्यायचे. मुलींचे आणि मुलग्यांचे कागद वेगळे मोजा, टिंबं वेगवेगळ्या जागी येतात. दुसरा कागद: 'सहलीत बसमध्ये कुणाशेजारी बसायला आवडेल, तीन नावं लिहा.' ज्याचं नाव एकाही कागदावर नाही तो विद्यार्थी तुम्हाला त्या दिवशी सापडतो. गप्प छळ, विशेषतः मुलींच्या गटातला, शोधायला याहून चांगलं साधन नाही. ही यादी कुणालाही, स्टाफरूममध्येही, दाखवू नका.

चौकशीचा क्रम पक्का आहे. आधी सोसणारा, मग बघणारे, मग त्रास देणाऱ्या गटातला एकेक, एकामागून एक, मध्ये एकमेकांना भेटू न देता. या गटात म्होरक्याला आधी बोलवा, नाहीतर तो बाहेर बसून सगळ्यांची जबानी ठरवून देतो. 'तू का केलंस' यात अडकू नका. 'अमक्यावर वाईट वेळ आली आहे. तुला त्याबद्दल काय माहीत आहे? उद्यापासून तू स्वतः काय करशील?' असं विचारा आणि उत्तर त्याच्या शब्दांत लिहून घ्या. दोघांना समोरासमोर बसवून माफी मागायला लावणं ही सगळ्यांत जास्त केली जाणारी चूक आहे. भांडणात तो मार्ग बरा. छळात सोसणारा भीतीनं 'माफ केलं' म्हणतो आणि गेटबाहेर त्याची किंमत मोजतो. वर्गात उभं राहून सोसणाऱ्याच्या नावासकट भाषण देणं ही दुसरी चूक.

बघ्यांवर मेहनत घ्या, तिथे फळ लवकर मिळतं. कॅनडात शाळेच्या मैदानांवर चित्रीकरण करून केलेल्या अभ्यासात दिसलं की छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, पण मध्ये पडली फक्त १९ टक्क्यांत. आणि मध्ये पडली तेव्हा ५७ टक्के वेळा दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबला. मुलांना शूर व्हायला सांगू नका, सोपी कृती द्या: न हसणं, फॉरवर्ड न करणं, 'चल, तुला सर बोलवतायत' म्हणून त्याला तिथून बाहेर काढणं, नंतर शेजारी जाऊन बसणं. शेवटची कृती सर्वांत मोलाची आहे, कारण एक खरा मित्र असलेलं मूल छळ बऱ्याच प्रमाणात पेलू शकतं.

पालकांना बोलवताना वेळ विचारून ठरवा. पूर्व भागात अनेक आया विड्या वळतात, माल द्यायला जायची त्यांची वेळ ठरलेली असते. यंत्रमागावरचे वडील पाळीप्रमाणे मोकळे असतात. 'उद्या अकराला या' म्हटलं की मजुरी बुडते, ते येत नाहीत आणि शाळा त्यावरून 'पालक बेफिकीर' असा शेरा मारते.

तुमचंच मूल त्रास देत असेल तर

फोन आला की आधी 'माझा मुलगा असं करणार नाही' हे वाक्य गिळा. ऐका, लिहून घ्या. घरी आल्यावर मारू नका. मोठा लहानाला मारून गप्प करतो हेच तो शिकलाय, तोच धडा पुन्हा मिळेल. शांतपणे सांगा की हे आजपासून थांबलं. मग भरपाई ठरवा: मोडलेला कंपास त्याच्या खाऊच्या पैशातून, पसरवलेल्या मेसेजची दुरुस्ती त्याच ग्रुपवर. महिनाभर रोज एक प्रश्न विचारा आणि आठवड्यातून एकदा वर्गशिक्षकांना फोन करा. घरात कोण कुणाला मारतं, ओरडतं, टोमणे देतं, हेही प्रामाणिकपणे बघा. त्याला दुसरीकडे कोणी छळतंय का हेही विचारा. मुलीच्या बाबतीत 'ती नुसती मैत्रीण निवडतेय' असा युक्तिवाद स्वतःला करू नका. मैत्रीण निवडणं ठीक. पण एखाद्या मुलीशी कुणीच बोलू नये अशी व्यवस्था करणं हा छळ आहे.

पोलीस, हेल्पलाइन, डॉक्टर

मारहाणीत इजा, पैसे उकळणं, धमकी, पाठलाग, लैंगिक स्पर्श किंवा फोटो, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या मुलावर जातीवरून हल्ला, या गोष्टी शाळेच्या पातळीवर मिटवायच्या नाहीत. तातडीला ११२. मुलांसाठी १०९८, चोवीस तास, मोफत. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३०. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पोक्सो कायद्यानं प्रत्येकाला बंधनकारक आहे. लपवल्यास सहा महिन्यांपर्यंत, संस्थाप्रमुखानं लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आरोपी अठराच्या आतला असला तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथे सुधारण्यावर भर असतो, त्यामुळे 'त्या पोराचं आयुष्य बरबाद होईल' या दडपणाखाली तक्रार मागे घेऊ नका.

झोप, भूक, अभ्यास किंवा बोलणं दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. घरून बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं. मूल 'मी नसलो तर बरं', 'आता सगळं संपलं' असं म्हणालं, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागलं, अंगावर इजेच्या खुणा दिसल्या, तर दोन आठवडे थांबू नका. सरळ विचारा: 'तुला मरावंसं वाटतं का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या दिवसापासून मुलाला एकटं ठेवू नका. घरातली औषधं आणि शेतावर राहत असाल तर फवारणीचं औषध कुलपात, किल्ली तुमच्याजवळ. आणि त्याच दिवशी डॉक्टर.

पाठपुरावा

पहिल्या आठवड्यात त्रास थांबतो, कारण सगळ्यांचं लक्ष असतं. तो परत येतो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, बहुधा आवाज न करता: मारणं थांबतं, वगळणं सुरू होतं. म्हणून आढावा तीनदा घ्या: एका आठवड्यानं, तीन आठवड्यांनी, दोन महिन्यांनी. प्रत्येक वेळी 'आता ठीक आहे ना?' न विचारता तेच जुने प्रश्न विचारा: डबा, व्हॅन, जोडी. वही दोन महिने चालू ठेवा, रिकामे दिवसही लिहा. मुलाला वर्गाबाहेरचा एक गट मिळवून द्या. पार्क मैदानावरचा खेळ असो, वाचनालय असो किंवा तबल्याचा क्लास, जिथे त्याचं पाडलेलं नाव कुणालाच माहीत नाही अशी जागा.

आणि जूनमध्ये तुकड्या, वर्गशिक्षक, बाकं सगळं बदलतं. जुनी कार्यवाही नव्या शिक्षकांना आपोआप कळत नाही. शाळा सुरू होण्याच्या पहिल्याच आठवड्यात शिक्का मारलेल्या अर्जाची एक झेरॉक्स घेऊन नव्या वर्गशिक्षकांना भेटा, ठरलेल्या शिक्षकांचं नाव तेच राहील याची खात्री करून घ्या, आणि संध्याकाळी दप्तरातली बाटली उचलून बघा.